भागिरथीबाईंचं एकुलतं भांडण

पडदा वर जातो.

डाव्या हाताला कापडाचं दुकान. उजव्या हाताला, रस्त्यापलीकडे, कॉन्व्हेंटची पिवळी इमारत. मधोमध एक ओटा, ओट्यावर नळ, नळाच्या तोंडाला बांधलेलं दुपदरी पांढरं फडकं, आणि त्यातून उतरणारं पाणी घागरीत भरून घेत बसलेल्या भागिरथीबाई. मागून तीन आवाज येतात. कारंज्याला निघालेल्या जीपवाल्याची आरोळी, जैन मंदिराची घंटा आणि कॉन्व्हेंटमधली सकाळची प्रार्थना. तिन्ही एकाच वेळी. कोणी कोणासाठी थांबत नाही आणि कोणाचं कोणावाचून अडत नाही. गावाचं नाव जांभोरा बाजार. नकाशात शोधत बसू नका. कामरगावहून कारंज्याकडे निघालात आणि डुलकी लागली, तर गाव येऊन गेलेलं असतं.

पडद्यामागून जग पाहण्यात माझं आयुष्य गेलं. हा प्रवेश मात्र मला पुढून पाहायला मिळाला, आणि तोही पहिल्या रांगेतून.

भागिरथीबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. अंगानं चिमणीएवढ्या. आवाज असा की नळ चालू असला तर ऐकू येत नाही, आणि नळ बंद असला की त्या बोलत नाहीत. गावात त्यांची ओळख 'देवेंद्रकुमारांची आई' अशी आहे. देवेंद्रकुमार म्हणजे समोरचं कापडदुकान. त्याआधी त्या 'मनोहरलालजींची बायको' होत्या. मनोहरलालजी म्हणजेसुद्धा तेच दुकान.

तर झालं असं, की कॉन्व्हेंटला पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि गावात सुवर्णमहोत्सव समिती स्थापन झाली. अध्यक्ष अनुपशेठ, तुरीचे व्यापारी. सदस्य इंद्रभान पाटील, ज्यांच्या वडिलांच्या वावरावर शाळा उभी आहे. दुसरे सदस्य आपले देवेंद्रकुमार. आणि पदसिद्ध म्हणून शाळेच्या प्राचार्या, सिस्टर रोझलिन. हे चौघं एका संध्याकाळी माझ्या दारात उभे राहिले.

"भाऊ, तुमी जुने नाटकवाले," अनुपशेठ म्हणाले. "शाळेच्या इतिहासावर घंटाभराचं नाटक बसवून द्या. पोट्टेच काम करतीन. फक्त एक ध्यानात ठेवजा, कोनी नाराज नाई झालं पाह्यजे."

राजाचं नाटक मागितलं असतं तर राजवाडा उभा केला असता. पाण्यातलं मागितलं असतं तर हौद आणला असता. पण कोणीच नाराज होणार नाही असं नाटक! इतकी खर्चिक मागणी मला कोणत्याही गावानं कधी केली नव्हती. तरी मी हो म्हटलं. म्हाताऱ्या नटाला रंगाचा वास आला की तो अटी ऐकत नाही.

इतिहास गोळा करायला मी घरोघर फिरलो. महिन्याभरात मला शाळेचे इतके संस्थापक भेटले की पहिल्या वर्षी तेवढे विद्यार्थीही नसतील. एकाच्या आजोबांनी शाळेला घंटा दिली होती. दुसऱ्याच्या आजोबांनी घंटा द्यावी असं सुचवलं होतं. तिसऱ्याच्या आजोबांनी ती वाजताना सगळ्यात आधी ऐकली होती. इंद्रभान पाटलांचे वडील यादवराव हे तर सिस्टर लोकांना आणायला स्वतः बैलगाडी घेऊन, बैलांच्या शिंगांना बेगड लावून गेले होते. अनुपशेठचे आजोबा गुलाबचंदजी, जे तेव्हा समाजाचे पंच होते, ते म्हणे 'स्त्रीशिक्षण, स्त्रीशिक्षण' म्हणत झोपेतून उठायचे.

"आणि सिस्टर लोकांनी काय केलं?" मी प्रत्येकाला विचारलं.

"थ्या होत्या ना," सगळ्यांचं उत्तर.

शेवटी मी भागिरथीबाईंच्या ओट्यावर येऊन बसलो. त्यांनी नळ बंद केला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की आता काहीतरी मोठं ऐकायला मिळणार.

"खरं सांगू का तुमच्या मनासारकं सांगू?" त्यांनी विचारलं.

"खरं सांगा."

"मंग आंधी चाय घ्या."

चहा झाल्यावर त्यांनी सांगितलं ते असं.

आषाढाचा महिना, चौदस. चातुर्मास बसायचा दिवस. चातुर्मास म्हणजे पावसाळ्याचे चार महिने जैन साधू-साध्वी एकाच गावी मुक्काम करतात. पावलाखाली जीव मरू नयेत म्हणून फिरत नाहीत. ज्या घरी असा मुक्काम पडेल ते घर भाग्याचं. भागिरथीबाई तेव्हा तिशीतल्या. सासू नुकतीच गेलेली, दुकानामागची कापसाची वखार रिकामी पडलेली. आपल्या घरी एकदा तरी चातुर्मास व्हावा असं त्यांच्या फार मनात होतं. पण मोठमोठे संघ कारंज्याला जात, शिरपूरला जात. जांभोऱ्याला कोण येतो?

दिवेलागणीच्या जरा आधी त्या ओट्यावर उभ्या होत्या, आणि रस्त्यानं तीन बाया येताना दिसल्या. पांढरी लुगडी, डोक्यावर पदर, पायांत काही नाही, घोट्यापर्यंत चिखल.

"पायी चालत, अनवानी, पांढऱ्या कपड्यात, चौदसीच्या दिवशी," भागिरथीबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "तुमी काय समजले असते?"

"साध्वी."

"मीबी थेच समजली."

खरी गोष्ट अशी होती, की त्या तिघी केरळातून आलेल्या सिस्टर होत्या. त्यांची जीप नाल्यात फसली होती आणि चपला चिखलात रुतून गेल्या होत्या. यादवराव पाटलांनी त्यांना शाळेसाठी एक खोली कबूल केली होती. पण त्या पोचेपर्यंत पाटलांनी त्या खोलीत तुरीची पोती भरून टाकली होती आणि स्वतः पाहुण्याकडे निघून गेले होते. बेगड लावलेल्या बैलांचं म्हणाल, तर बैल घरीच होते. बेगडाचं माहीत नाही.

"पण साध्वींच्या हातात मोरपिसांची पिछी असते," मी म्हटलं. "ती नाही दिसली, तर शंका आली नाही?"

"आली ना! म्हनलं, दुसऱ्या पंथाच्या असतीन. आपल्यात काय पंथ कमी हायेत?"

भागिरथीबाईंनी तिघींचे पाय धुतले, हात जोडले, आणि विचारलं, "माताजी, चातुर्मास इथंच करसान का?" सिस्टर लोकांना ना वऱ्हाडी येत होती, ना चातुर्मास माहीत होता. त्यातल्या सगळ्यात तरुण सिस्टर अगाथांनी मान हलवली. केरळी माणसाची मान ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. ती हो म्हणताना आणि नाही म्हणताना एकाच रस्त्यानं जाते. भागिरथीबाईंनी आपल्याला हवा तो अर्थ घेतला आणि वखार उघडून दिली.

पुढचे काही आठवडे जांभोऱ्यात एक असं नाटक चाललं, ज्यात कोणत्याच पात्राला दुसऱ्याची भूमिका माहीत नव्हती. भागिरथीबाई सूर्य बुडायच्या आत तिघींना जेवू घालत. पाणी गाळून. कांदा नाही, बटाटा नाही, लसूण नाही. वाढताना ताटाला हात लावण्याआधी नमस्कार. सिस्टर लोकांनी यातून एकच निष्कर्ष काढला, की हे कुटुंब फारच गरीब आहे. कांदासुद्धा परवडत नाही, दिव्याच्या तेलाला पैसे नाहीत म्हणून उजेडातच जेवतात, आणि तरी आपल्याला घास देतात. म्हणून त्या तिघी अर्धपोटी उठत आणि रात्री त्या गरीब कुटुंबासाठी प्रार्थना करत. ते गरीब कुटुंब म्हणजे पंचक्रोशीतलं सगळ्यात मोठं कापडदुकान.

"अन् मले वाटे," भागिरथीबाई म्हणाल्या, "काय त्याग हाय बाई! अर्धीच भाकर खाऊन उठतेत. मी आनखी पाया पडो."

दिवसा सिस्टर लोकांनी वखारीत पोरं जमवायला सुरुवात केली. पाच-सहा पोरं आली, मग पंधरा झाली. पाटीवर अक्षरं, बोटांवर आकडे, आणि नखं कापणं. भागिरथीबाईंना वाटलं, पाठशाळा भरवून राहिल्या. त्यांनी बसायला सतरंज्या दिल्या.

मग श्रावणात एके दिवशी अमरावतीकडून मोटारसायकलवर एक फादर आले. लांब पांढरा झगा, भरघोस दाढी. सरळ वखारीत गेले, आणि आतून गाण्याचा आवाज यायला लागला. साध्वींना भेटायला मोटारसायकलवर पुरुष! गावाच्या लेखी तिथंच सगळं संपलं. तासाभरात दुकानासमोर पंच उभे. पुढे गुलाबचंदजी; तेच, स्त्रीशिक्षणाचा जप करत उठणारे.

"मनोहर, ह्या बाया ख्रिस्ती हायेत. तुह्या बायकोनं साऱ्या समाजाले तोंड दाखवाची जागा नाई ठेवली. सकाळी वखार खाली झाली पाह्यजे."

मनोहरलालजींच्या हातात कापड मोजायचा गज होता. त्यांनी तो या हातातून त्या हातात घेतला. एवढंच ते बोलले.

भागिरथीबाई दाराआड होत्या. सासरी आल्यापासून त्या दुकानाच्या पुढच्या भागात पंचांसमोर कधी आल्या नव्हत्या. त्या दिवशी पदर ओढून बाहेर आल्या.

"काकाजी," त्या म्हणाल्या, "चातुर्मास कोनं बसवला? म्या बसवला. थ्या कोनीबी असोत, हात जोडून म्या बसवलं त्याइले. आता मंधातच उठवलं तं पाप कोनाले? मले. मी उठवत नाई. तुमाले उठवाचं असन तं उठवा, पन पाप तुमी घ्या. हे पानी घ्या हातात अन् म्हना पंचाइच्या समोर, का भागिरथीचं पाप म्या घेतलं. घ्या."

आणि गाळलेल्या पाण्याचा तांब्या त्यांनी पुढे धरला.

सगळी व्यापारी माणसं. तूर घेणारी, सरकी घेणारी, पडून राहिलेला मालसुद्धा उचलणारी. या मालाला मात्र गिऱ्हाईक मिळेना. गुलाबचंदजींनी शेजारच्याकडे पाहिलं, शेजारच्यानं चपलेकडे पाहिलं, आणि पंचमंडळी 'कार्तिकापर्यंत पाहू' असं पुटपुटत निघून गेली.

कार्तिकापर्यंत गुलाबचंदजींची नात वखारीत बसून पाढे म्हणायला लागली होती. चातुर्मास संपला त्या दिवशी सिस्टर लोक रस्त्यापलीकडे गेल्या, यादवराव पाटलांच्या खडकाळ वावरात. त्या वावरात तूर उगवत नव्हती, म्हणून ते शिक्षणाच्या कामी आलं. पण साध्वी निघतात तेव्हा गाव पोचवायला जातं, हा रिवाज. म्हणून बँड लावून, झेंडे धरून, अख्ख्या गावानं तीन ख्रिस्ती सिस्टरना रस्ता ओलांडून दिला. मिरवणूक सुरू झाली तेव्हा तिचं पुढचं टोक पोचलेलंच होतं. सगळ्यात पुढे गुलाबचंदजी.

"म्हणजे शाळा खरी तुमच्यामुळे निघाली," मी म्हटलं.

"कायची शाळा, भाऊ! घर तं म्या चुकून देल्लं. थे काई माहं पुन्य नाई. माहं काय हाय, तं थे भांडन. जलमात एकच भांडन केलं मी. सासूसंगं नाई, नवऱ्यासंगं नाई, सुनंसंगं नाई. थेवढं मात्र घेजा नाटकात."

मी घेतलं. अहो, न घेऊन कसं चालेल? भांडण नाही ते नाटक नाही, तो सत्कार समारंभ.

संहिता मी समितीपुढे वाचली. वाचन संपलं.

"बाकी फस्क्लास हाय," इंद्रभान पाटील म्हणाले, "पन थ्या तुरीच्या पोत्याइचं काहून घेतलं? वडील गेले आता माहे."

"बैलगाडी घालू?"

"घाला ना! बेगडवाली."

सिस्टर रोझलिन अतिशय शुद्ध मराठी बोलतात. "आमच्या भगिनींचं आगमन चिखलानं माखलेलं दाखवणं कितपत उचित ठरेल? शिवाय आम्ही गैरसमजातून आत आलो, असा संदेश जाईल. वरिष्ठ येणार आहेत." चिखल गेला. चिखलाबरोबर गैरसमज गेला.

"आई अडानी दिसून राह्यली याच्यात," देवेंद्रकुमार म्हणाले. "साध्वी अन् सिस्टर वळखता येत नाई म्हनजे काय! तिनं जानूनबुजून घर देल्लं असं दाखवा. दूरदृष्टी."

राहिले पंच. अनुपशेठनी घसा साफ केला. "भाऊ, आमच्या आज्याचा फोटो लावनार हाये त्याच दिवशी, शाळेच्या हॉलमधी. अन् नाटकात थे बाया काहाडा म्हनत उभे! थो प्रवेशच उडवा. काय बिघडते?"

काही बिघडलं नाही. नाटक इतकं सुरळीत झालं की त्यात काही घडायचंच राहिलं नाही. पडदा उघडतो, बैलगाडी येते, यादवराव सिस्टरांचा सत्कार करतात, गुलाबचंदजी यादवरावांचा सत्कार करतात, भागिरथी घराची किल्ली देते, तिचाही सत्कार होतो. अखेरीस ज्ञानाची देवता येऊन उरलेल्यांचा सत्कार करते. शाली पुरेनात म्हणून एकच शाल आलटून पालटून वापरायचं ठरलं.

भागिरथीबाईंचं काम त्यांचीच नात रुचिका करणार होती. तिला तिचं वाक्य दिलं. घरी पाठ करत बसली, आणि आजीनं ऐकलं. मला निरोप आला. ओट्यावर गेलो तर नळ आधीच बंद होता.

"भाऊ, माहं भांडन कोनी खाल्लं?"

मी सगळ्यांची नावं घेतली. म्हातारा नट असलो तरी अशा वेळी पाठांतर दगा देत नाही.

"देवानबी?" देवेंद्रकुमारांना त्या देवा म्हणतात.

"त्यांना वाटतं तुम्ही अडाणी दिसाल."

"मंग! अडानी होतीच मी. अडानी होती म्हनून तं वखार उघडली. शिकलेली असती तं आंधी इचारलं असतं, बाई कोन तुमी, काय जात, काय पंथ. थ्या बाया रस्त्यावर राह्यल्या असत्या." त्यांनी फडकं पिळलं. "घर देल्लं म्हनून सत्कार नोको मले. जे चुकून झालं त्याची शाल घालतेत, अन् जे जानून केलं थे पुसून टाकतेत. असं असते का कुठं?"

मी पुन्हा समितीकडे गेलो. समितीनं माझा सत्कार करायचं ठरवलं. विषय संपला.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. शाळेच्या मैदानात मांडव, समोर सोफे. दुपारचा कार्यक्रम प्रमुख पाहुण्यांच्या रिवाजाप्रमाणे उशिरा सुरू झाला. पहिल्या सोफ्यावर भागिरथीबाई, त्यांच्या शेजारी सिस्टर अगाथा. तिघींपैकी त्या एकट्या हयात. निवृत्त होऊन दूर राहतात, हातात काठी आहे, पण या दोघी भेटल्या की डोक्याला डोकं लावून बोलत बसतात. मजा अशी, की सिस्टर अगाथा मराठी शिकल्या त्या भागिरथीबाईंकडून. त्यामुळे प्राचार्या बोलतात पुस्तकासारखं आणि अगाथा बोलतात ओट्यावरच्यासारखं.

नाटक सुरू झालं. बैलगाडी आली, इंद्रभान पाटलांनी डोळे पुसले. सत्कार झाले. मग रुचिका पुढे आली, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "या भगिनींनो! शिक्षण हीच खरी पूजा! माझं घर ते ज्ञानाचं मंदिर होवो!"

टाळ्या.

"थांब वं," भागिरथीबाई म्हणाल्या. नळ चालू नव्हता, पण बँड चालू होता. कोणालाच ऐकू गेलं नाही. फक्त शेजारी ऐकू गेलं. सिस्टर अगाथांनी काठी जमिनीवर आपटली आणि मांडवभर घुमेल अशा आवाजात ओरडल्या, "अवो, बंद करा थो बाजा! भागिरथा काई म्हनून राह्यली!"

बाजा बंद झाला. भागिरथीबाई उठल्या, पायऱ्या चढल्या, नातीच्या हातातला माईक घेतला.

"मी असं काई बोलली नव्हती," त्या म्हणाल्या. माईकवर आपला आवाज ऐकून त्या जरा दचकल्या, आणि मग त्यांना तो आवडला असावा. "मी म्हनलं होतं, 'पाय धुवा.' चिखल होता पायाले."

पोरं खदखदून हसली. अनुपशेठ सोफ्यावरून उठले. दोन्ही हात जोडून, आवाज खाली ठेवून, पण सगळ्यांना दिसेल असे मंचाजवळ आले. "आजी, खाली या. सारा समाज बसला हाय. बाहेरचे पाहुने हायेत. लोकाइले तोंड दाखवाची जागा राहू द्या."

भागिरथीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. चेहरा असा उजळला, जणू वर्षानुवर्षं चुकलेला सहनट अचानक विंगेतून आला.

"हाव! अस्संच! अस्संच बोलले होते! मंडळी, हे आमचे गुलाबचंद काकाजी."

लोकांना वाटलं, बसवलेलं आहे. टाळ्यांचा कडकडाट. "आजी, हे नाटक नाई हाय!" अनुपशेठ ओरडले. टाळ्या वाढल्या. त्यांनी देवेंद्रकुमारांकडे वळून म्हटलं, "तुमी तं सांगा ना तुमच्या आईले!" देवेंद्रकुमारांच्या मांडीवर सत्काराची शाल होती. त्यांनी ती उजव्या मांडीवरून डाव्या मांडीवर घेतली.

"अन् थो देवाचा बाप," भागिरथीबाई मुलाकडे बोट दाखवत म्हणाल्या. मांडव हसून कोसळायचा बाकी राहिला.

मग त्यांनी पदर पुढे ओढला, आणि हसू थांबलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण थांबलं.

"काकाजी, चातुर्मास कोनं बसवला?"

अनुपशेठनी शेजारी पाहिलं.

"म्या बसवला. मंधात उठवला तं पाप कोनाले? तुमी घेता का? घ्या, पानी घ्या हातात."

पाण्याचा तांब्या नव्हता. त्यांनी रिकामी ओंजळ पुढे केली. माझ्या व्यवसायात म्हणतात, वस्तू नसेल तर ती डोळ्यांनी धरा. त्या बाईंनी अशी धरली की पहिल्या रांगेत एका पाहुण्यानं पायाजवळची पिशवी उचलून घेतली, भिजेल म्हणून.

त्या ओंजळीपुढे अनुपशेठ तुरीचे व्यापारी राहिले नाहीत. ते एक पाऊल मागे सरले. मग आणखी एक. मग सोफ्यावर बसले. रंगभूमीवर मी असा विराम घ्यायला फार धडपडलो. मला कधी इतका लांब टिकवता आला नाही.

"अन् सांगते," तो विराम सिस्टर अगाथांनीच मोडला, काठीवर उभं राहून. "त्या रोजी हे भांडून घरात आली, अन् आमाले भात वाढला. एक शब्द नाई बोलली. बाहेर काय झालं, आमाले लय दिवसानं कळलं, अन् थेबी बाजारातून."

भागिरथीबाई खाली उतरल्या. ज्ञानाची देवता विंगेत शाल घेऊन तयार उभी होती. तिला कोणी बोलावलं नाही.

इथं पडदा पडायला हवा होता. पण जांभोरा बाजारात पडद्याची दोरी एका माणसाच्या हातात नसते.

त्या प्रवेशाचं मोबाईलवर चित्रण झालं आणि ते कारंजा, मानोरा, वाशीम असं फिरलं. लोक अनुपशेठना बाजारात थांबवून म्हणू लागले, "काय काकाजी, पाप घेता का?" पहिले दोन दिवस ते चिडले. तिसऱ्या दिवशी एका मोठ्या व्यापाऱ्यानं त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला. चौथ्या दिवशी ते माझ्याकडे आले.

"भाऊ, आमचे आजोबा आडवे आले म्हनून तं शाळा पक्की झाली. नाई तं कोनाले आठवली असती? कामरगावहून बोलावनं आलं म्हनतेत नाटकाले. थो प्रवेश ठेवा. अन् काकाजीचं काम मीच करतो."

त्यांच्या पाठोपाठ इंद्रभान पाटील. "माह्या वडलाइलेबी त्या पंचात उभं करा ना, भाऊ."

"पण ते जैन पंच होते, पाटील. आणि तुमचे वडील तर बैलगाडी घेऊन..."

"थे गाडी जाऊ द्या. गाडीले कोनी टाळ्या वाजवत नाई. त्याइले एखादं वाक्य द्या. कडक."

मग रांगच लागली. महिन्यापूर्वी ज्यांच्या आजोबांनी शाळा काढली होती, त्या सगळ्यांचे आजोबा आता शाळेच्या विरोधात होते. कोणाचे आजोबा लाठी घेऊन आले होते, कोणाचे नुसतेच खाकरले होते, पण फार रागानं. सिस्टर रोझलिन यांनीही शुद्ध मराठीत कळवलं, की प्रवेशाची परिणामकारकता लक्षात घेता चिखल पूर्ववत करण्यास हरकत नसावी.

मी ओट्यावर गेलो. भागिरथीबाई पाणी गाळत होत्या. मी म्हटलं, "बाई, आता काय करू? तुमच्यासमोर तेव्हा मोजून पाच पंच होते. आता अख्ख्या गावाला तुमच्याशी भांडलेलं हवं आहे. मंच मोडेल. खोटं तर खोटं, पण नाही म्हणवत नाही. तुम्हीच सांगा."

त्यांनी घागर भरू दिली, नळ बंद केला, आणि म्हणाल्या, "टाका ना भाऊ, साऱ्याइचे आजे टाका. समोर जितके जास्ती उभे राह्यतीन, तितकं माहं भांडन मोठं."